पाटीखालचा हात

“ह्यो बाप्या कोण?” द्वारकाबाईनं मासिकाच्या फायलीतल्या पानावर बोट टेकलं.

लियाकतनं शाईचे हात फडक्याला पुसले. बारामतीच्या त्या छापखान्यात खिळे जुळवण्यात त्याची बारा वर्षं गेली होती. मासिकाची पानंही तोच लावायचा.

“शेतकरी हाय, मावशी.”

“कुठल्या गावचा?”

“कुठलाच न्हाय. ठोकळा हाय. शेतकरी म्हनलं की ह्योच छापायचा.”

गुबगुबीत गाल, कडक फेटा, खांद्यावर नांगर आणि तोंडभर हसू. “नांगर खांद्यावर घिऊन हसतुया? येडं हाय का काय!” द्वारकाबाई म्हणाली. “मग आमचं मालक कुठं हायेत?”

तिच्या नवऱ्याला, झुंबरला, जाऊन येत्या गुरुवारी वर्ष होणार होतं. जन्मात त्याचा एकच फोटो निघाला होता, इंदापूरच्या शेतीप्रदर्शनात, पहिल्या नंबराच्या वांग्यांची पाटी धरून पाहुण्यांशेजारी. वर्षाला देव्हाऱ्यात त्याचा टाक बसवायचा होता. सोनार म्हणाला होता, चांदीच्या पत्र्यावर सगळ्यांचे पितर सारखेच. फोटो आणला तर तोंडावळा उठवीन. फोटोवाल्याकडची निगेटिव्हची काच फुटली होती. तो फोटो मासिकात आला होता, म्हणून राहिला हा छापखाना.

आणि अलीकडे तिला झुंबरचं तोंड आठवेनासं झालं होतं. चाल आठवायची, खोकला आठवायचा. तोंडाच्या जागी नुसतं ऊन दिसायचं. हे ती कुणाजवळ बोलली नव्हती.

लियाकतनं पान उलटलं. पाहुणे, हार, टोप्या. कडेला वांग्यांची पाटी आणि ती धरणारा हात. मनगटापाशी फोटो संपला होता.

“बाकीचं?”

“कापलं. पाहुणं मावंनात. संपादक म्हनले, कडंचा काढ, मागल्या पानावर शेतकरी हायच की. ब्लेड मीच चालवलं, मावशी.”

“ते कापलेलं?”

“रद्दीत गेलं. साल झालं.”

“हुडक की रं बाबा.” ती खालीच बसली आणि टेबलाखालचे कपटे उपसू लागली. काही नाही हे ठाऊक असून लियाकतही गुडघ्यांवर बसला. टोपली पालथी केली, कपाटाखाली पट्टी फिरवली. निघाल्या त्या लग्नपत्रिकांच्या कडा.

त्यानं खणातून दुसरा ठोकळा काढला. गोंड्याची टोपी, टोकदार दाढी. “ह्यो ईदच्या पानाचा मुसलमान. माझा बाप लासुर्ण्याला मोट हाकायचा, डोक्याला मुंडासं बांधून. दर साली मीच ह्यो लावतो...” फायलीतलं फोटोचं पान त्यानं त्याच ब्लेडनं कापलं, या वेळी कडा राखून, आणि तिच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी इंदापुरात सोनारानं कागद उलटसुलट केला. “बाई, ह्यात तोंड कुठाय?”

“हात हाय.”

“हाताचा टाक कुनी बसवतं व्हय? नेहमीचा काढतो. डौलदार.”

“नगं.” तिनं पाटीखाली बोट नेलं. “बघा कशी धरलीया. कडंला न्हाय, बुडाखाली पंजा दिलाय. वांगी दबू नयेत म्हनून. आन् ह्ये नख मोटंच्या दोरात चिरलेलं.”

छपाईत तिथं एक काळा ठिपका होता. सोनारानं चष्मा पुसला.

“तोंड दुसऱ्याचं नगं,” ती म्हणाली. “तोंडाची जागा कोरी ठिवा. हात काढा, नख तेवढं चिरलेलं दावा.”