उतरण्याची विद्या

तिरप्या उन्हात न्हालेल्या सतरंजीवर एक अनवाणी पाऊल टेकतं आणि आवाज होत नाही. कमलअक्कांची आठवण मला नेहमी अशी, त्या निःशब्द स्पर्शातून येते. बरकतपुऱ्यातल्या मुलींच्या शाळेत त्या कसरत शिकवायच्या. घराणं नांदेडकडच्या शेतकऱ्यांचं, जन्म मात्र निजामाच्या या शहरातल्या नल्लकुंट्यातला. म्हणून त्यांच्या मराठीत ‘नक्को’ आणि ‘हौ’ हे दखनी शब्द असे मुरलेले, की परके वाटत नसत. साठीकडे झुकलेला देह कृश, पण उभ्या राहिल्या की ओळंबा सोडावा तशा सरळ.

त्या वर्षांत साऱ्या शहरालाच उंच उडायची घाई झाली होती. घरोघरी केबल आली होती, नव्या कंपन्यांना समारंभात नृत्य हवं होतं, आणि आमच्या समकालीन नृत्याच्या पथकाला हवेतल्या कोलांट्या. तशाच एका कोलांटीतून उतरताना माझा उजवा गुडघा दुखावला. डॉक्टर म्हणाले, नाच विसरा. सूज ओसरल्यावर आईने मला अक्कांकडे नेलं. त्यांनी वीतभर उंचीच्या पाटावरून खाली उतरायला सांगितलं. मी उतरले. धप्पकन आवाज झाला.

“उडणं कुणालाबी येतं गं,” त्या म्हणाल्या. “उतरणं शिकावं लागतं.”

तीन महिने मी तेवढंच शिकले. खाली येणाऱ्या देहाचा भार एकट्या गुडघ्यावर टाकायचा नाही. भरलेला हंडा हातोहात पुढे द्यावा तसा तो चवड्याने टाचेला, टाचेने पोटरीला, पोटरीने मांडीला आणि मांडीने कमरेला द्यायचा, श्वास सोडत, गुडघा पावलाच्या रेषेत ठेवून. एकदा त्यांनी मला शाळेच्या ऑफिसातल्या फिरत्या खुर्चीत बसवून गरकन फिरवलं. हात छातीशी घेतले की गिरकी वेगावायची, पसरले की मंदावायची. लहान मुलीसारख्या हसत त्या म्हणाल्या, “बघ, वेग तुझ्याच हातात हाय.”

त्या स्वतः कधी जमिनीवर बसत नसत. स्टुलावर, डावा पाय ताठ पुढे पसरून. मी कारण विचारलं. “मला कुणी शिकवलं नव्हतं,” एवढंच म्हणाल्या, आणि पाट थोडा उंच केला.

पुढे तारनाक्याच्या एका सभागृहात आमचा प्रयोग ठरला. मुख्य भूमिका माझी होती. तालमीला गेले, तर पातळ गालिच्याखाली नुसती शहाबादी फरशी. मी दिग्दर्शकांना म्हटलं, “सर, या फरशीवर मी उडी घेणार नाही.” त्यांनी भूमिका दुसरीला दिली. तिने ती छान निभावली. मी कडेला, जमिनीलगतच्या हालचालींत नाचले. प्रयोग संपल्यावर बाहेर अक्का उभ्या होत्या. त्यांना पाहताच मला रडू कोसळलं.

“रडून घे,” पाठीवर हात ठेवत त्या म्हणाल्या. “भूमिका त्यांची होती, दिली दुसरीला. गुडघा तुझा हाय.”

अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी पन्नाशी ओलांडली, अजून नाचते. काळ माणसाचा चेहरा पुसट करतो, स्वरही हळूहळू नेतो; पण कुणीतरी आपल्यासाठी वाहिलेली चिंता अस्थींच्या सांध्यांत मुक्कामाला राहते, आणि सकाळी विनावेदना उठताना जाणवतं, की स्मरणाला प्रत्येक वेळी अश्रूच लागतात असं नाही; कधी कधी न दुखणं हेच स्मरण असतं.