तुटक्या आकडीची मोजपट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी मोजपट्टी आहे. कामावरची माणसं मला टेप म्हणतात. आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरही अजून बसलेला नाही.

कारखान्यात माझ्यावर आकडे छापले, टोकाला आकडी बसवली आणि मला गुंडाळून पिवळ्या डबीत बंद केलं. शहराबाहेरच्या नव्या वस्त्यांत लोकांची घरं आणि दुकानं हलवून देणाऱ्या एका काकांनी मला घेतलं. आधी जुन्या जागी जाऊन सामान मोजायचं, मग नव्या जागेची दारं आणि जिने मोजायचे, आणि कोणती वस्तू कुठून आत जाईल ते कागदावर मांडायचं, हे त्यांचं काम.

या कामात मी माणसं ओळखायला शिकले. "सामान काय, थोडंसंच आहे," असं कोणी म्हटलं की मी डबीतल्या डबीत सावध होते. "माळ्यावर काही नाही हो," म्हणणाऱ्या एका गृहस्थांच्या माळ्यावरून आम्ही दोन पाळणे आणि अख्खी सायकल उतरवली आहे. काका नुसते हसायचे. "टेप सांगेल ते खरं," म्हणायचे. ते ऐकून माझ्या पोलादी अंगावरही मूठभर मांस चढायचं.

मग एकदा मी ट्रकमधून पडले आणि माझी आकडी तुटली. पहिले दोन सेंटिमीटरही गेले. काकांनी मला टाकलं नाही. ते मला दहाच्या खुणेपासून धरायचे आणि आलेल्या आकड्यातून दहा वजा करायचे. हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, आणि मला ते झाकलेलंच बरं वाटायचं.

गेल्या वर्षी एका शिंपीणबाईंचं काम आलं. घर आणि दुकान एकाच दिवशी नव्या जागेत न्यायचं होतं. कापड बेतायचं त्यांचं टेबल त्यांच्या वडिलांनी हाताने बनवलेलं, खालच्या खणांसकट एकसंध. वडील आता नव्हते. "बाकी काही मोडलं तरी चालेल, पण याला करवत लागता कामा नये," बाईंनी बजावलं. टेबल कुशीवर करूनच दारातून जाणार होतं, म्हणून काकांनी त्याची उंची मोजली. ऐंशी सेंटिमीटर.

त्यानंतर काकांचा गुडघा सुजला, म्हणून नव्या जागेच्या दाराची रुंदी मोजायला काकू गेल्या. "दहापासून धर गं," एवढंच काका म्हणाले. काकूंनी तसंच धरलं आणि कागदावर लिहिलं, चौऱ्याऐंशी. मी मात्र तिथल्या घरमालकावर नजर ठेवून होते. हा माणूस त्या भिंतीसमोरून हलत का नाही, मागे ओल लपवतोय की काय, याच विचारात मी गुंतले. काकूंनी काय लिहिलं ते मी पाहिलंच नाही.

ठरल्या दिवशी टेबल दारात अडकलं. हमाल काकूंकडे बघू लागले, काकू घरमालकाकडे. "चौकट बदललीत का हो?" काकूंनी विचारलं. "तुम्हीच दुसरं टेबल आणलं असेल," घरमालक उसळले. मला तर सगळ्यांचाच संशय आला.

"पाय कापू, आत नेऊन परत जोडून देतो," एक हमाल म्हणाला.

बाईंनी टेबलावर हात ठेवला. "मग परत घेऊन चला. मला दुकानच उघडायचं नाही."

लंगडत आलेल्या काकांनी मला दारावर धरलं आणि काकूंकडे वळले. "दहा वजा केलेस ना?"

"कशातून?" काकू म्हणाल्या.

दार चौऱ्याहत्तरचंच होतं. आता काका सगळा दोष काकूंवर ढकलणार, अशी माझी खात्री होती. पण ते सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माझी. टेप तुटकी आहे आणि ते मी कुणाला सांगितलंच नाही." आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःची लाज वाटली.

सुताराला बोलावून चौकट काढली. तिचं दुसरं टोक धरायला घरमालक स्वतः पुढे आले. टेबल जसंच्या तसं आत गेलं.

काकूंनी मग जाड पेनाने माझ्या डबीवर लिहिलं, 'तुटकी आहे. दहा वजा करा.' तेव्हा माझ्या अगदी जिवावर आलं होतं. मित्रांनो, जुनी वस्तू जरूर वापरा, पण तिचं काय मोडलंय ते सांगूनच पुढच्याच्या हातात द्या.

परवा त्याच बाईंनी नव्या कपाटासाठी आम्हाला बोलावलं. त्यांनी डबीवरची ओळ वाचली, दहाची खूण बोटाने चाचपली आणि काकूंना म्हणाल्या, "द्या इकडे, हिला मी धरते."