नववा प्रश्न

मानसोपचार विभागात डॉक्टरांच्या आधी सिस्टरचं टेबल लागायचं. सिस्टर नऊ प्रश्नांचा फॉर्म भरून घ्यायच्या. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज दहा झाली तर डॉक्टर, नाहीतर हातात एक छापील पत्रक आणि 'तीन महिन्यांनी या'. एवढ्या कमी गुणांवर शाळेत नापास करतात, इथे धडधाकट ठरवून घरी पाठवत.

नदीपलीकडच्या वस्तीतल्या माणसांची बेरीज कधी चारच्या पुढे जात नसे. त्यांची बोली वेगळी आणि सिस्टरला ती येत नव्हती, म्हणून घरचंच कुणीतरी मधे बसून प्रश्न समजावायचं आणि उत्तर सांगायचं. असे वर्षभराचे आकडे वरच्या कार्यालयात गेले. त्यावरून मोठ्या साहेबांनी निष्कर्ष काढला, की वस्तीतली माणसं मनाने फार कणखर आहेत. हे कानावर आलं तेव्हा मावशीला हसावं की रडावं कळेना.

मावशी त्या मजल्याची झाडलोट करायची आणि राहायची त्याच वस्तीत. लहानथोर सगळे तिला मावशी म्हणत, पण मावशीचं ऐकायचंही असतं हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. एकदा तिने रांगेतल्या एका आजोबांचं दुखणं सिस्टरला उलगडून सांगितलं, तर मुकादमाने तिला सगळ्यांसमोर झापलं. "तुझं काम फरशीशी. पुन्हा मधे तोंड घातलंस तर उद्यापासून येऊ नकोस." घरात कमावणारी ती एकटी. तेव्हापासून ती तोंडाला कुलूप लावून फरशी पुसायची.

त्या मंगळवारी वस्तीतल्याच एक नणंद-भावजय आल्या. नणंद खणखणीत आवाजाची, भावजय नीटनेटकी, केस चापूनचोपून बसवलेले. दोन महिन्यांपूर्वी ही भावजय दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, म्हणून नणंदेने घरच्यांशी भांडून नंबर लावला होता. तो आज लागला.

"आता बरीच सुधारलीय हो," नणंद सिस्टरला म्हणाली. "आठ दिवस झाले, नुसती कामाला जुंपून घेतलंय तिने."

मावशी दाराशीच फरशी पुसत होती. कान काही पुसत नव्हते, ते मोकळे होते.

झोप लागते का? लागते. शून्य. भूक? बरी आहे. एक. कामात लक्ष लागतं का, असं सिस्टरने विचारलं तेव्हा भावजय आपल्या बोलीत सावकाश बोलली. "लागतं. सगळ्यांचे उसवलेले कपडे शिवून झाले. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, म्हणजे कुणाला शोधाशोध नको. धाकटीला स्वतःची वेणी घालायला शिकवलं. येते आता तिला."

"हो, लागतं," नणंदेने सांगितलं. आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मावशीचा हात थांबला. तिच्या थोरल्या बहिणीनेही अशीच आवराआवर केली होती. घर कसं आरशासारखं केलंय बघा, म्हणून सगळे कौतुक करत होते, त्यात मावशीही होती. नवव्या दिवशी बहिणीने जीव दिला.

सिस्टरने नववा प्रश्न वाचला. "मरून जावं असं मनात येतं का, विचारा त्यांना."

नणंद भावजयीकडे वळली. "काही भलतंसलतं नाही ना गं डोक्यात?" आणि ती काही बोलायच्या आत सिस्टरला म्हणाली, "नाही."

यातही लबाडी नव्हती. वस्तीत मरणाचं नाव घेऊन कुणाला विचारणं म्हणजे त्याचं वाईट चिंतणं. आपल्या माणसाला असं कोण विचारणार? नणंदेचा जीव होता भावजयीवर, म्हणून तर तिने तो शब्द टाळला.

"तीन," सिस्टरने बेरीज केली आणि पत्रकांच्या गठ्ठ्याकडे हात नेला.

मुकादम बाहेर कुणावर तरी ओरडत होता. मावशीने फडकं बादलीत टाकलं, हात पदराला पुसले आणि सरळ आत गेली.

"सिस्टर, नववा प्रश्न विचारलाच नाही. मला बोली कळते. विचारू द्या."

"तुम्ही कोण हो विचारणाऱ्या?" नणंद उसळली. "सुधारलेल्या माणसाच्या डोक्यात भरवायचंय का काही?"

सिस्टर दोघींकडे आळीपाळीने बघत राहिल्या. मग त्यांनी पत्रक खाली ठेवलं. "विचारा, मावशी."

मावशी भावजयीसमोर उकिडवी बसली. तिचा हात हातात घेऊन बोलीत विचारलं. "पोरी, मरायचं ठरवलंयस का गं?"

भावजय दचकली नाही. उलट तिचे खांदे सैल झाले.

"हो. शुक्रवारी. सगळे लग्नाला जाणार आहेत, पोरंही. घरात कुणी नसेल."

नणंदेच्या तोंडचं पाणी पळालं. लग्नाला मी येत नाही, मी घर राखते, असं भावजय आपणहून म्हणाली होती. किती समजूतदार आहे म्हणून नणंदेने ते सगळ्या गोतावळ्यात मिरवलं होतं.

"काय म्हणाली?" सिस्टरने विचारलं.

मावशी सांगणार, तेवढ्यात नणंदेने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला थांबवलं. तिचा खणखणीत आवाज पार बसला होता. दवाखान्याच्या भाषेत, एकेक शब्द जुळवत, तिने सगळं सांगितलं. मरायचं, हा शब्द सांगितला. शुक्रवार सांगितला. पोरंही जाणार, तेही सांगितलं. भावजयीने बोललेलं काहीएक गाळलं नाही.

सिस्टर उठल्या आणि त्यांनी डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडलं.