टाकीवरचा पोचा

आमचे हे दातांचे डॉक्टर. दात सोडून माणसाच्या बाकी शरीरात त्यांना काडीचा रस नाही, आणि आताशा दातांतलाही आटत चाललाय. सगळा जीव मोटारसायकलींत. त्याही नव्या नव्हेत. कुणाच्या जिन्याखाली, कुणाच्या गोदामात गंज खात पडलेली एखादी म्हातारी गाडी हुडकून काढायची, घरी आणून नट-बोल्टपर्यंत सुटी करायची, महिनोन्महिने मागे लागून नव्यासारखी करायची आणि मग विकून टाकायची. ती गेली की पुढची म्हातारी. यात आपल्याला सुटतं काय, असं मी एकदाच विचारलं होतं. त्यानंतर आमच्यात तो विषय निघाला नाही.

मोटार ठेवायला म्हणून बांधलेल्या खोलीत आमची मोटार कधी गेलीच नाही. ती बिचारी बाहेर उन्हात उभी असते, आणि आत ह्यांचा दुसरा दवाखाना. दात कोरायच्या बारीक सळया म्हाताऱ्या झाल्या की इथे बढतीवर येतात आणि कार्ब्युरेटरची भोकं साफ करतात. "तिकडे पेशंट आ वासून बसलेत आणि तुम्ही इथे कार्ब्युरेटरचं रूट कॅनल करताय," असं मी म्हणते. ते म्हणतात, "हा ओरडत नाही."

माणसांशी बोलायचा त्यांना पहिल्यापासून कंटाळा. दिवसभर ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्या तोंडात ह्यांची बोटं, त्यामुळे कुणाला काही विचारावं आणि उत्तराची वाट बघावी ही सवयच राहिली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडी विकणाऱ्यालाही ते काही विचारत नाहीत. गाडी सांगते म्हणे सगळं.

त्या हिरव्या गाडीच्या वेळी मी बरोबर होते, कारण गाडी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे होती आणि मला पडदे शिवून घ्यायचे होते. बाई आमच्याच वयाच्या, अंगानं किरकोळ. गळ्यात मोजायची टेप तशीच. एका खोलीत मशीन आणि कपड्यांचे गठ्ठे, बाहेर अरुंद बोळकंडीत जुन्या चादरीखाली गाडी. ह्यांनी चादर काढली, खाली बसून इंजिन बघितलं, टाकीवरच्या पोच्यावरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली. बाईंनी सांगितलेल्या किमतीवर ह्यांनी घासाघीस केली नाही. गाडी बाहेर काढताना बाईंनी दार धरून ठेवलं होतं, पण तोंड भिंतीकडे होतं.

"मुलाची का?" मी विचारलं.

"हो."

"कुठे असतो आता?"

"नाही आता," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी गेला. आजारानं."

पडद्यांचं कापड पिशवीतच राहिलं. परत येताना मी ह्यांच्यावर तोंडसुख घेतलं, की निदान चौकशी तरी करावी माणसानं, नुसतं सायलेन्सरकडे काय बघत बसायचं! ते म्हणाले, "चौकशी तू केलीस ना? मग? काय फायदा झाला?" यावर मला काही सुचलं नाही, आणि मला काही सुचलं नाही असं फार क्वचित होतं.

गाडीवर त्यांनी मन लावून काम केलं. टाकीच्या उजव्या अंगाला तळहाताएवढा पोचा होता, मध्ये रंग उडून गंज धरलेला. टाकीच्या तोंडातून वाकडी सळई आत घालून, आतून दाबत, बाहेरून लहान हातोडीनं टिचक्या मारत त्यांनी तो इतका सावकाश काढला, की एखाद्याची अक्कलदाढही इतक्या प्रेमानं कुणी काढली नसेल. वर गडद हिरवा रंग. मग दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक म्हातारा आला आणि श्वास रोखून, हातानं, टाकीच्या दोन्ही अंगांना सोनेरी रेघ ओढून गेला. हँडल नवं, सीट नवं. मी चहा घेऊन गेले आणि कप हातात धरून तिथेच उभी राहिले. "छान झालीय हो," म्हटलं. इतक्या वर्षांत मी हा शब्द त्या खोलीत पहिल्यांदाच काढला असावा, कारण हे दचकले. गिऱ्हाईकही लगेच ठरलं.

आणि मग बाईंचा फोन आला. तो ह्यांनी उचलला. "बरं... हो हो... या ना, रविवारी या," एवढंच बोलून ठेवलासुद्धा. ठेवल्यावर चेहरा असा झाला, की मला वाटलं कुणाचं काही बरंवाईट झालं.

"गाडी झाली का विचारत होत्या. विकायच्या आधी एकदा बघून जाते म्हणाल्या."

"मग येऊ देत की."

"अगं, बघायला येणार म्हणजे मुलाची गाडी बघायला येणार. त्याची काय राहिलीय ती? त्याचा हात लागलेलं हँडल मी काढलं. तो बसायचा ते सीट काढलं. पोचा, ओरखडे, सगळं पुसून टाकलं मी. ती बाई हात कशावर ठेवणार?"

"अहो, मग फोन करून विचारा त्यांना."

"काय विचारू? मुलाच्या खुणा पुसल्यात, चालेल का, असं?"

दुसऱ्या दिवशी दवाखाना लवकर बंद करून ते खोलीत गेले आणि त्यांनी टाकी उतरवली. गाडी खोलण्याआधी तिचे सगळ्या बाजूंनी फोटो काढायची त्यांची पद्धत आहे. त्यातला टाकीचा फोटो समोर ठेवून त्यांनी खडूनं हिरव्या रंगावर एक गोल काढला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"धर जरा इकडून. गोधडी खाली घे."

मी टाकी धरली. त्यांनी लाकडी मोगरीला फडकं गुंडाळलं, हात उचलला आणि खाली घेतला. पुन्हा उचलला, पुन्हा घेतला. मी डोळे मिटून घेतले. आवाज फार मोठा झाला नाही. डोळे उघडले तेव्हा रंगाला बारीक तडे गेले होते आणि म्हाताऱ्याची सोनेरी रेघ मध्येच आत वळली होती. मग फोटो बघत बघत आणखी मारलं. पॉलिश पेपरनं चकाकी घालवली. मधला रंग खरवडून पत्रा उघडा केला आणि माझ्याकडे मीठ मागितलं. गंज काढायला आयुष्यभर माझ्या स्वयंपाकघरातून व्हिनेगर पळवणारा माणूस, पहिल्यांदाच गंज चढवायला मीठ घेऊन गेला. माळ्यावरचं फाटकं सीट खाली आलं, जुनं हँडल भंगाराच्या खोक्यातून परत आलं. गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगितलं, त्याची बोलणी खाल्ली.

खरं सांगते, त्या चार-पाच दिवसांत मला माझ्या नवऱ्याचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा कधी वाटला नव्हता. आपल्या हातचं सगळ्यात सुंदर काम त्यांनी एका परक्या बाईसाठी मोडलं होतं, आणि तेही न बोलता. या माणसाला माणसं कळत नाहीत असं मी उगाच म्हणत आले, असं मनाशी कबूलसुद्धा केलं.

रविवारी बाई आल्या. धुतलेले, कडक इस्त्रीचे कपडे, केस नीट बांधलेले. कुणाच्या घरी कार्याला जावं तशा आल्या होत्या. पाणीही न घेता म्हणाल्या, "आधी बघते."

ह्यांनी चादर काढली.

बाई गाडीभोवती हळूच फिरल्या. सीटची उसवलेली शिवण दोन बोटांनी जुळवून बघितली. मग टाकीच्या उजव्या बाजूला येऊन थांबल्या आणि त्यांचा हात पोच्यावर गेला. ह्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, जमलं. देवा, जमलं.

"झाली नाही होय अजून?" बाई म्हणाल्या.

"म्हणजे?" मीच विचारलं.

"नाही, डॉक्टर या म्हणाले, म्हणून मला वाटलं झाली असेल." त्या ओशाळून हसल्या. "माझीच घाई. सीटचं तरी मला सांगायचं, मी शिवून दिलं असतं."

"ताई," मी म्हटलं, "तुम्हाला... नवी झालेली बघायची होती?"

"हा पोचा माझ्या हातचा आहे हो. मशीन आत घ्यायचं होतं आणि ही वाटेत. म्हटलं जरा सरकवू. माझ्यानं कसली आवरते! पडली ती कठड्यावर. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. त्यानंही अशीच नीट करून विकायला घेतली होती, तुमच्यासारखीच हौस. मग आजारी पडला. दवाखान्यात सारखं म्हणायचा, आई, घरी आलो की पहिली टाकी नीट करणार. चिडून नाही, गमतीनं. पण मला लागायचं ते. लोक म्हणाले, दातांचे डॉक्टर नव्यासारखी करतात. म्हणून तुम्हाला दिली. म्हटलं, एकदा पोचा गेलेला बघितला की मी सुटले." त्यांनी हातातला फोन पिशवीत ठेवला. "फोटो काढून नेणार होते. उद्या बहिणीकडे चाललेय ना, कायमची. असू दे. तुम्ही कराल सावकाश."

एवढ्यावरच आम्ही त्यांना जाऊ दिलं असतं तर बरं झालं असतं का, ते मला अजून ठरवता येत नाही. पण आमच्या ह्यांनी, ज्यांनी कधी कुणाला काही सांगितलं नाही, त्यांनी खिशातून आपला फोन काढला आणि गिऱ्हाइकाला पाठवलेला फोटो बाईंच्या समोर धरला.

"झाली होती," ते म्हणाले. "ही बघा. मला वाटलं, तुम्हाला त्याची जुनी... मी विचारायला हवं होतं."

बाईंनी फोन हातात घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, टाकी सगळ्या पडद्यावर पसरली. गुळगुळीत हिरवा रंग, सरळ सोनेरी रेघ. "किती सुरेख," त्या पुटपुटल्या. मग फोटोकडे, मग गाडीकडे, मग ह्यांच्याकडे.

"माझ्यासाठी पाडलात परत?"

ह्यांनी होकारार्थी मान हलवली. "मी पुन्हा करतो, ताई. आजच सुरू करतो. फोटो पाठवतो तुम्हाला. हासुद्धा पाठवतो, आत्ता."

"हा नको," बाई म्हणाल्या. "आता तशी नाहीये ना ती."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, ह्यांची चूक, आमची चूक, तुमचा काही संबंध नाही, असं काहीबाही बोलत राहिले. मला बोलता येतं, त्याचा काडीचा उपयोग नव्हता. आमचं मन राखायला म्हणून त्यांनी मान डोलावली. मग खाली वाकून तळहात पोच्यात ठेवला. तो बरोबर मावला.

"बघ रे," त्या म्हणाल्या, "परत माझ्यामुळेच पडला."

हे आमच्याशी नव्हतं.