नंदिनीच्या मापाची बंदूक

शिंप्याकडे ब्लाउजचं माप द्यायला जावं तशी नंदिनी कुमागाई-सानांकडे बंदुकीचं माप द्यायला गेली आणि तिचा नवरा उल्हास पिशव्या धरायला मागोमाग. भर जुलैत त्या म्हाताऱ्या कारागिराने तिला जाडजूड हिवाळी जॅकेट घालायला लावलं. बर्फात ती जॅकेटवरच बंदूक टेकवणार, मग माप उघड्या खांद्याचं घेऊन काय उपयोग? घामाघूम नंदिनीचा कोपर, मान, गालाचं हाड असं सगळं मोजून झालं. उल्हासच्या लग्नाच्या सुटासाठीसुद्धा कुणी एवढी मापं घेतली नव्हती.

जपानात रायफल हवी असेल तर आधी दहा वर्षं छऱ्यांची बंदूक नीट सांभाळून दाखवावी लागते. नंदिनीने ती सांभाळली होती. सेंदाईच्या विद्यापीठात ती पिकांवर संशोधन करायची. रानडुकरांनी शेतं उकरलेली पाहून ती शिकारी मंडळींत शिरली आणि तिथलीच झाली. दर हिवाळ्यात ती त्यांच्याबरोबर होक्काइदोला जायची. तिथली हरणं आपल्या सांबराएवढी, उभी राहणार पार माळाच्या पलीकडच्या टोकाला. एवढ्या पल्ल्याला रायफलच हवी. पण दुकानातल्या तयार रायफली लांब हातांच्या पुरुषांसाठी केलेल्या. पाच फुटी नंदिनीने खांद्याला लावली की दस्ता काखेत अडकायचा आणि डोळा दुर्बिणीपर्यंत पोचायचाच नाही.

नळीवरून नंदिनीचं आणि कुमागाई-सानांचं चांगलंच वाजलं. लांब ठेवली तर तोंड जड, आखूड केली तर लांबच्या नेमाला गोळी कमी पडणार. शेवटी नळी लांबच राहिली, फक्त बाहेरून तासून बारीक केली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता घडला आणि नुसता दस्ताच नंदिनीने खांद्याला लावून पाहिला. गाल टेकला तो बरोबर जागेवर. ती अशी हसली की उल्हासला वाटलं, हिला आजवर आपण काय दागिने केले ते सगळे फुकट गेले.

आता उरली पोलिसांची परवानगी. ती मिळाल्याखेरीज रायफल घरी येणार नव्हती. घरात भांडणतंटा नाही ना, याची चौकशी करायला पोलीस ठाण्यातून सुगावारा-सान आले. उल्हासने चहा केला. आपल्याकडे चार माणसांत नवरा काय बोलतो, तेच तो बोलला.

"मी बायकोला फार घाबरतो."

सुगावारा-सान हसले नाहीत. "कधीपासून?"

"लग्नापासून!"

"त्या मारतात का?"

"अजून नाही," उल्हास डोळे मिचकावत म्हणाला, "पण लाटणं जवळच असतं."

साहेबांनी लाटणं म्हणजे काय ते विचारून घेतलं, चहाबद्दल आभार मानले आणि ते निघून गेले. दोनच दिवसांत ठाण्यातून फोन आला. अर्ज थांबवला आहे, पुन्हा चौकशी होईल.

"काय बोललास तू?" नंदिनीने विचारलं. उल्हासने सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं कपाळ धरलं आणि ती आत निघून गेली. उल्हासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दहा वर्षांची तपश्चर्या, आणि याने एका विनोदात त्यावर पाणी फिरवलं!

पुढच्या खेपेला सुगावारा-सानांबरोबर एक मृदू आवाजाच्या बाई होत्या. नंदिनीला बाहेर फिरून यायला सांगण्यात आलं. बाईंनी उल्हाससमोर छळ झालेल्यांसाठीचं माहितीपत्रक ठेवलं. "तुम्ही इथे सुरक्षित आहात का?"

उल्हासच्या ओठांवर पाच-सहा विनोद आले, ते त्याने गिळले. त्याच्या मोडक्या जपानीत आता फक्त खरं बोलण्यापुरतेच शब्द उरले होते.

"मी तिला घाबरत नाही. आमच्याकडे नवरे असंच बोलतात. बायकोचं कौतुक करायची लाज वाटते."

"मग खरं काय?" सुगावारा-सानांनी विचारलं.

"ती शिकारीला जाते तेव्हा भीती वाटते. ती परत यायची असते त्या रात्री ती येईपर्यंत मी जेवत नाही."

"म्हणजे त्यांनी जाऊ नये असं तुम्हाला वाटतं?"

"जावं! काही मिळालं नाही तरी हसत येते. पण नेम चुकला की हरीण जखमी होतं. मग ही त्याच्यामागे जंगलात जाते. तिथे अस्वलं आहेत. बंदूक तिच्या मापाची असली तर एका गोळीत काम होईल. तिला हवी त्याहून जास्त ती बंदूक मला हवी आहे."

बाईंनी माहितीपत्रक उचलून पिशवीत ठेवलं.

परवानगी आली. ती आणायला नंदिनी एकटीच ठाण्यात गेली आणि परतली ती बूट न काढता दारातच उभी राहिली.

"सुगावारा-सान म्हणाले, मी येईपर्यंत तू जेवत नाहीस?"

उल्हास चुळबुळला. "ते आपलं... चौकशीत विचारलं म्हणून..."

"मला तर दर वेळी सांगतोस, मी जेवलो, तू झोप!"

"तू दमून आलेली असतेस. उगाच वाढायला उठशील म्हणून. तू झोपलीस की खातो मी."

नंदिनीचे डोळे भरून आले आणि त्याच डोळ्यांनी ती चिडली.

"अरे गाढवा," ती म्हणाली, "तू जेवला असशील, घरी एकटीने काय जेवायचं म्हणून मी दर वेळी स्टेशनबाहेरच्या कोम्बिनीच्या दुकानात थंड भाताचे गोळे खाऊन येते!"