आठ म्हणजे किती

आमचे हे हर्सूलच्या भाड्याच्या घरात बसून लायब्ररी बनवतात. पुस्तकांची नव्हे. ‘दर अमक्या दिवसांनी’ असं मराठीत लिहिलं की वर्षभराच्या तारखा धडाधड काढून देणारी, इतर प्रोग्रामरांनी आपापल्या ॲपात वापरायची. तारखांचा एवढा भोक्ता माणूस, पण नळाला पाणी यायचा दिवस विसरला. मी बाजारात, हे घरात, कानात हेडफोन. पाणी आलं नि गेलं, टाकी कोरडी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी चिडले. गुरुवार होता. देवगाव रंगारीला माहेरी निघताना म्हणाले, “आठ दिवसांनी न्यायला या. नाही आलात तर मी आपली तिथंच बरी.”

“येतो,” हे म्हणाले, आणि लगेच ते वाक्य प्रोग्रामात टाकून मोकळे झाले.

पुढच्या गुरुवारी मी सकाळपासून आवरून बसले. दुपार कलली, शेवटची एसटी गेली.

“जावई इसरले काय गं?” आईनं विचारलं.

माझा जीव थोडा थोडा झाला. टाकीवरून संसार मोडतो की काय, असं खरंच वाटलं.

शुक्रवारी सकाळी स्वारी हजर. हातात पेढे, चेहऱ्यावर वेळेवर आल्याचं समाधान.

“आठ दिवस झाले. मोजून आलोय.”

“आठ दिवसांनी म्हणजे त्याच वारी!” मी ओरडले. “तुमच्या पाचोडचा बाजार आठ दिवसांनी भरतो ना? मग दर खेपेला वार बदलतो व्हय?”

हे जन्मभर तसंच बोलत आलेले. पण कोड लिहायला बसले की स्वतःची बोलीसुद्धा परकी होते. त्यांनी तिथंच ओसरीवर लॅपटॉप उघडला.

“बरं झालं सांगितलंस. मग पंधरा दिवस म्हणजे चौदा धरू?”

मी कालचा दिवस रडून काढला, आणि ह्यांना बग सापडल्याचा आनंद!

“आज मी येत नाय,” मी म्हणाले. “आठ दिवसांनी या.”

पुढच्या गुरुवारी मी गवार मोडत बसले होते, तर दारात हे.

“उद्या यायचं होतं.”

“माहीत आहे.”

“लायब्ररी दुरुस्त नाही झाली का?”

“झाली. सगळ्या टेस्ट पास.” चपला काढता काढता ते पुटपुटले, “पण तिच्या भरवशावर तुला पुन्हा वाट बघायला लावायची हिंमत नाय झाली. उद्यापर्यंत इथंच बसून राहतो.”

आई पदराआड हसली. मलाही हसू आलं, आणि डोळे भरले ते वेगळंच.

“उद्या कशाला?” मी म्हणाले. “चला, आजच निघू.”

“पण आठ दिवस तर उद्या…” ह्यांचं एक बोट मोजायला उठलं होतं. ते मी आईदेखत धरलं.