सात नंबरचा झेंडा

पिवळा दिवा धोंड्याभोवती दुसऱ्यांदा फिरला, तेव्हा दत्तारामने हातातला चहाचा पेला तसाच खाली ठेवला.

सड्याच्या कातळपठारावरच्या गोल्फच्या मैदानात काळोख दाटला होता आणि त्या काळोखात आठ दिवे पळत होते. सात पांढरे, एक पिवळा. पांढरे दिवे कोल्हापूर-साताऱ्याकडून आलेल्या पोरांच्या कपाळावर होते. पिवळा त्याच्या संचिताच्या. रात्री खाडीत कुर्ल्या धरायला जाताना दत्ताराम जी बॅटरी डोक्याला बांधायचा, तीच तिने मागून घेतली होती. त्यामुळे आपली पोर कुठे आहे हे त्याला इथून, दोरीच्या अलीकडून, स्पष्ट दिसत होतं. दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

खेळ तसा साधा. हातात नकाशा आणि होकायंत्र. मैदानात दहा ठिकाणी केशरी-पांढरे झेंडे टांगलेले. ते क्रमाने शोधायचे, प्रत्येक झेंड्याला बांधलेल्या चिमट्याने आपल्या कार्डावर टोचायचं आणि लवकरात लवकर परत यायचं. गेले दोन दिवस उजेडात सराव झाला होता. आजचा रात्रीचा, आणि आजच्या वेळेवरूनच अठरा वर्षांखालच्या संघासाठी चौघांची नावं जायची होती. संचिताला जानेवारीत अठरा पुरी होणार. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही, हे दत्तारामच्या घरात मांजरालासुद्धा पाठ झालं होतं.

झेंडे टांगायचं काम मिळालं ते दत्तारामला. बारा वर्षं तो या मैदानावर गवत कापत होता. "काका, तुमच्याइतकं हे मैदान कुणाला ठाऊक असणार?" असं निवड घ्यायला आलेल्या अक्षया मॅडम म्हणाल्या आणि दत्ताराम हरभऱ्याच्या झाडावर चढला. दुपारी चार वाजता नकाशावर बोट ठेवून त्याने एकेक झेंडा जिथल्या तिथे लावला. सहाव्या झेंड्यापर्यंत तसूभरही चूक नाही. सातला मात्र नकाशात एक काळा ठिपका होता. मोठा धोंडा, पश्चिमेची बाजू.

तो धोंडा देवचाराचा, गावाची राखण करणाऱ्या देवाचा. मैदान झालं तेव्हा यंत्रांनी अर्धा सडा खरवडून काढला, पण त्या धोंड्याला हात लावायला एकही चालक तयार झाला नाही. शेवटी साहेबलोकांनी तो ठेवला आणि भोवती गवत लावून घेतलं. देवचाराच्या जागेवर निशाण लागतं ते नवसाचं. तिथे कुणाच्या खेळाचं फडकं टांगायचं? दत्तारामचा हात उचलेना. त्याने झेंडा चाळीस पावलं खाली, वाळूच्या खड्ड्याकाठी उरलेल्या काजूच्या खुंटाला बांधला. चाळीस पावलं म्हणजे काय लांब! इथवर आलेल्याला तेवढं दिसेलच की. मग वहाणा काढून त्याने धोंड्यापुढे गाऱ्हाणं घातलं, माझ्या चेडवाला, संचिताला, पुढे काढ म्हणून. गाऱ्हाण्याला मागून 'व्हय म्हाराजा' म्हणणारं कुणीतरी लागतं. संचिता एवढीशी होती तेव्हापासून ते काम तिचं. दुपारी ती नव्हती, म्हणून तेही त्याने स्वतःच म्हणून टाकलं आणि तो चहा प्यायला गेला. मॅडमना सांगायला हवं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. देवाच्या डोक्यावर काही टांगू नये, हे काय सांगायचं असतं?

ते आता डोक्यात आलं होतं. बाकीची पोरं खालच्या गवताच्या वाटेने, एकमेकांच्या दिव्यामागून आली. दिवा खुंटावर पडला, झेंडा चमकला, टोचून पुढे गेली. संचिता वरून आली होती, झुडपांतून, नकाशाबरहुकूम सरळ रेघेत. अगदी नेमकी धोंड्यावर. आणि तिथून खुंट दिसत नव्हता, मध्ये खड्ड्याचा उंचवटा होता.

"दत्तू, तुजा चेडू थंय काय करता रे?" चहाची किटली सांभाळणारा बाबली हसत म्हणाला. "देवचाराक प्रदक्षिणा घालता?"

दत्तारामला हसू आलं नाही. इथून एक हाक मारली तर तिला ऐकू गेली असती. पण बाहेरून कुणी मदत केली तर तो खेळाडू बाद, असं मॅडमनी सुरुवातीलाच बजावलं होतं. सकाळी पोरं कुजबुजलीही होती, हिचे बाबाच झेंडे लावणार आहेत, मग काय! ते ऐकल्यापासून संचिता दिवसभर त्याच्याशी बोलली नव्हती. समोरून गेली तरी परक्यासारखी.

तो अक्षया मॅडमजवळ गेला. त्या घड्याळाकडे बघत टेबलाशी उभ्या होत्या. तिघं पोरं परत आली होती, त्यांची कार्डं मॅडमच्या पुढ्यात होती.

"मॅडम, सातचा झेंडा जागेवर नाही."

"म्हणजे?"

"मी खाली लावला. चाळीस पावलं. ती जागा देवाची आहे."

मॅडमनी तिन्ही कार्डं उलटून पाहिली. तिन्हींवर सात टोचलेला होता.

"काका, हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"चूक माझी आहे. तिला फक्त एवढंच सांगा…"

"मी सांगितलं तरी ती मदतच. थांबवायचं तर सगळ्यांचंच थांबवावं लागेल. पोरांची गाडी दहाची आहे, यादी आजच जायची आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "दुसऱ्या कुणाची मुलगी असती ना, तर कदाचित थांबवलंही असतं. तुमच्या मुलीसाठी थांबवलं तर लोक काय म्हणतील, तुम्हीच सांगा."

बाई ओरडली असती तर दत्तारामला भांडता तरी आलं असतं. पण ती बरोबर बोलत होती. आपल्या हाताने केलं आणि आता आपल्याला हात बांधून बघायचं, एवढंच उरलं.

तो दोरीशी जाऊन उभा राहिला. पिवळा दिवा धोंड्याशी थांबला होता. मग तो हलला. सावकाश खाली उतरू लागला, नेमका खुंटाच्या दिशेने. दहा पावलं. पंधरा. दत्तारामने दोरी मुठीत धरली.

"आणखी थोडा, बाय," तो पुटपुटला. "आणखी थोडा."

दिवा थांबला. वळला. परत धोंड्याकडे गेला आणि तिथे कितीतरी वेळ नुसता उभा राहिला. मग आठच्या दिशेने पळत सुटला.

संचिता सगळ्यांत शेवटी आली. कार्डावर नऊ खुणा होत्या, सातचा चौकोन कोरा.

"सात सापडला नाही, मॅडम."

"नकाशा नीट वाचला होतास?"

"हो."

मॅडमनी एकदा दत्तारामकडे पाहिलं आणि कार्ड बाकीच्यांच्या खाली सरकवलं. पावणेदहाला चार नावं वाचली गेली. संचिताने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. पोरं गाडीत बसून निघून गेली आणि मैदानावर बापलेक उरली, झेंडे गोळा करायला.

खुंटाशी आल्यावर दत्तारामचा धीर सुटला.

"चुकलंय गो मी. माका तुका सांगूक व्हया होता."

"माका ठावक होता."

"काय?"

"धोंड्याकडे झेंडो नाय म्हणताच समाजला. तू थंय लावचंस नाय. ह्याच खुटाक लावतलंस, ह्या पण समाजला."

"मगे खुटाकडे इलंस कित्याक नाय? अर्ध्या वाटेर इल्लंस. मी बघत होतंय."

संचिता वाकून झेंड्याची गाठ सोडू लागली. गाठ त्याचीच होती, होडीची, सहज न सुटणारी.

"इलंय असतंय तर झेंडो नकाशान गावलो नसतो, बाबा. तू माका ठावक म्हणान गावलो असतो." गाठ सुटली. "मगे सकाळी पोरां म्हणत होती ता खरा झाला असता."

तिने झेंडा त्याच्या पिशवीत टाकला आणि पुढे चालू लागली, चढावरून, धोंड्याकडे. तिथे पोचल्यावर तिने बूट काढले. त्यांच्या नाड्या अर्ध्याच बांधलेल्या होत्या. मघाशीही तिने ते इथे काढले होते, तिकडे घड्याळ चालू असताना.

त्यानेही वहाणा काढल्या आणि हात जोडले. ती नेहमीसारखी त्याच्या मागे उभी राहिली.

"बा देवचारा…"

पुढे शब्द येईना. मागायचं तरी काय? पुढल्या वर्षाचं मागावं तर पुढलं वर्ष नव्हतंच. रागवावं तर कुणावर? खालून शिरोड्याच्या समुद्राचा आवाज येत होता. दत्ताराम जोडलेल्या हातांकडे बघत तसाच उभा राहिला.

संचिताने बराच वेळ वाट पाहिली. मग बापाचं सगळं सांगून झाल्यासारखं ती मागून हळूच म्हणाली,

"व्हय म्हाराजा."